पेली मगरवाळी

दिवसभर मी विम्याचे दावे वाचते. गाडी आपोआप घसरली, भिंत आपोआप पडली, मोटारीत आपोआप पाणी शिरलं. त्यामुळे एका मुलीच्या अंगात एके दिवशी आपोआप अद्भुत शक्ती आली, हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. अडखळला तो पुढे, आणि अडखळवणारा होता दहा वर्षांचा एक मुलगा.

आधी नदीचं सांगते, कारण बडोद्याबाहेरच्यांना ते खरं वाटत नाही. आमच्या शहराच्या मधून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात चारशेच्या आसपास मगरी राहतात. काला घोड्याजवळच्या पुलावर स्कूटर उभी करून, शेंगदाणे खाता खाता लोक काठावर ऊन खात पडलेली मगर बघतात आणि आपापल्या कामाला जातात. पावागडच्या डोंगरांतून येणारी ही नदी एरवी इतकी बारीक, की नवख्याला नाला वाटावा. ऑगस्ट २०२४च्या शेवटी ती फुगली. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी गेलं ३५ फुटांच्याही वर. समा, फतेहगंज, अकोटा, आमचं कारेलीबाग, सगळीकडे पाणी आणि पाण्याबरोबर मगरी. घराच्या छपरावर जाऊन बसलेल्या मगरीचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो, म्हणजे आमचं नुकसान म्हणावं असं काही नाही. पार्किंगमधली स्कूटर गेली, बाकी अंधार, मेणबत्त्या आणि खिचडी.

पाणी ओसरल्यावर ऑफिसात दाव्यांचे ढीग लागले. एका फॉर्मवर ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात कुणीतरी फक्त ‘विश्वामित्री’ एवढंच लिहिलं होतं. एखाद्या माणसाचं नाव लिहावं तसं. त्या संध्याकाळी घरी येताना डोक्यात आलं, या गावाला एक सुपरहिरो पाहिजे.

सुपरहिरोंशी माझी ओळख जुनी. दांडिया बाजारातल्या वाड्यात आम्ही राहत होतो तेव्हा दादा रावपुऱ्यातल्या रद्दीवाल्याकडून इंद्रजाल कॉमिक्स आणायचा. त्यातला वेताळ डेंकालीच्या जंगलात राहायचा. मी शाळेच्या नकाशात डेंकाली शोधत बसायची. सापडायची नाही. दादा म्हणायचा, “छापायची राहिली असेल.” माझा त्यावर बरीच वर्षं विश्वास होता.

तर मी लिहायला घेतलं. पहाटे पाच ते साडेसहा, लेक उठायच्या आत. नायिकेचं नाव सावनी, वय सोळा. लक्ष्मी विलास पॅलेसच्या मनोऱ्यावरून ती उडी मारायची, तिच्याकडे मगरीच्या कातड्यासारखा हिरवा झगा होता आणि मगरीच्या जबड्याची ताकद तिच्या मनगटात होती. खलनायक डॉ. तमस. त्यानं आजव्याचं धरण फोडायचं यंत्र बनवलेलं. शेवटी महापूर येतो, सावनी दोन्ही हात पसरून पाणी थोपवते, शहर वाचतं. सात महिने लागले, एकसष्ट हजार शब्द झाले. नवऱ्यानं वाचून “छान आहे” म्हटलं. आमच्या घरात ‘छान आहे’ हे बिनमिठाच्या भाजीला म्हणतात.

मधल्या काळात मी एका शब्दावर नको इतका वेळ घालवला. सुपरहिरोला मराठीत काय म्हणायचं? ‘महानायक’ म्हटलं की अमिताभ डोळ्यांसमोर येतो. ‘अतिमानव’ म्हटलं की एखादा जाड चष्म्याचा तत्त्वज्ञ. ‘महावीर’ म्हणजे जैन मंदिर. शोधताना कळलं की अमेरिकेत ‘सुपर हिरो’ या शब्दावर मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांचा मिळून ट्रेडमार्क होता, कित्येक दशकं, आणि तो २०२४ मध्येच रद्द झाला. माझी कादंबरी सुरू झाली तीही त्याच वर्षी. हा योगायोग मी नवऱ्याला सांगितला. तो म्हणाला, “म्हणजे आता तुझ्यावर केस होणार नाही.” शब्द शेवटी ‘सुपरहिरो’च ठेवला. मुलं तोच बोलतात.

रविवारी संध्याकाळी इमारतीच्या पायऱ्यांवर सात मुलं जमवली. वयं नऊ ते तेरा. माझी लेक पंधराची. ती खाली आली नाही, पण जिन्याच्या पहिल्या वळणावर मोबाइल घेऊन बसली, जिथून सगळं ऐकू येतं. भाकरवडीचं पाकीट मधे ठेवलं आणि मी वाचायला लागले. मीच वाचायचं, यालाही कारण होतं. ही सगळी मराठी घरांतली मुलं, पण शाळा कुणाची इंग्रजी, कुणाची गुजराती. देवनागरी त्यांना हिंदीच्या तासामुळे येते आणि म्हणून ती मराठीही हिंदीसारखी वाचतात. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, हे त्यांना बोलताना पक्कं ठाऊक असतं, कागदावर दिसलं की विसरतात. बोलायची मराठी एक आणि वाचायची मराठी दुसरी, असं त्यांचं झालंय. पुस्तकांतली मराठी त्यांना आत्याबाईसारखी वाटते: आपलीच, पण तिच्यासमोर नीट बसावं लागतं.

झगा आवडला. मनोरा आवडला. चष्मेवाल्या मुलानं विचारलं, “डॉ. तमस हे पैशांसाठी करतो ना? मग धरण फोडून पैसे कसे मिळणार?” मी म्हटलं, पुढे कळेल. पुढे काहीच कळणार नव्हतं, मला माहीत होतं. मग पुराचं प्रकरण आलं. सावनीनं हात पसरले, पाणी थांबलं, मी आवाज जरा चढवला आणि वर पाहिलं.

समाला राहणारा एक मुलगा दर रविवारी मावशीकडे आमच्या इमारतीत यायचा. त्या दिवशी तोही बसला होता, तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, “मग आमच्या वेळी का नाही आली ती?”

तो चिडला नव्हता. खरंच विचारत होता. त्यांचं घर तळमजल्यावर होतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “तेव्हा ती लहान होती रे.”

“मीपण लहान होतो,” तो म्हणाला.

त्यानंतर वाचन झालं नाही. मुलं पुराचं सांगायला लागली आणि मी हस्तलिखिताच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून घ्यायला लागले. समाचा मुलगा म्हणाला, पूर दारातून येतच नाही, आधी मोरीतून येतो. संडासातून बुडबुडे येतात, मोरीची जाळी उचलली जाते आणि मग आजी म्हणते, “पाणी आलं.” दारातून येतो तोपर्यंत आत घोटे बुडालेले असतात. कुणी म्हणालं, आवाजच नसतो. कुणी म्हणालं, सोफा फुगतो, ब्रेडसारखा. वास कुणालाच सांगता येईना, सगळ्यांनी नुसती तोंडं केली. नऊ वर्षांच्या मुलीनं सांगितलं की तिला सगळ्यात जास्त कंटाळा आला होता. तीन दिवस गच्चीवर, पत्त्यांत एक राजा नव्हता. माझ्या एकसष्ट हजार शब्दांत कंटाळा हा शब्द कुठेच नव्हता.

त्या रात्री दादाच्या मुलाला फोन केला. तो पुण्यात असतो आणि पगाराचा मोठा भाग कॉमिक्सवर घालवतो. त्याला म्हटलं, असा असा प्रश्न आला. तो हसला नाही. म्हणाला, “आत्या, हा प्रश्न स्पायडरमॅनलाही आला होता.” २००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडल्यानंतर काही महिन्यांत स्पायडरमॅनचा एक अंक निघाला, मुखपृष्ठ अख्खं काळं. त्यात धुरातून पळणारी माणसं त्यालाच विचारतात की तू कुठे होतास, हे कसं होऊ दिलंस. त्याच्याकडे उत्तर नसतं. अंकभर खरं काम अग्निशमन दलाचे लोक करतात, पोशाखवाले त्यांच्या मदतीला उभे असतात.

मग त्यानं एक गोष्ट उलगडून सांगितली, जी मला वेताळ वाचताना कळायला हवी होती. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, त्याचं शहर नकाशावर नाही. बॅटमॅनचंही नाही. अशा शहरात लेखक वाटेल तितकी संकटं आणू शकतो आणि वाटेल तितकी टाळू शकतो, कारण तिथल्या वाचकाचं घर तिथे नसतं. स्पायडरमॅन १९६२ मध्ये आला तो मात्र खऱ्या न्यूयॉर्कमध्ये, शाळेत जाणारा पोरगा म्हणून. खऱ्या शहरातल्या हिरोला खऱ्या शहराचा हिशेब द्यावा लागतो. डेंकालीत राहणाऱ्या कुणी वेताळाला असं विचारलं नसणार.

दोन रस्ते होते. बडोद्याचं नाव काढून ‘मकरपूर’ वगैरे करायचं. (मकरपुरा म्हणून भाग आमच्याकडे खरोखर आहे, तिथे कारखाने आहेत.) किंवा त्या मुलाला उत्तर द्यायचं. आठवडाभर मी काहीच लिहिलं नाही. मग एका सकाळी कुकरची शिट्टी मोजता मोजता लक्षात आलं की उत्तर मी त्याच दिवशी देऊन बसले होते. तेव्हा ती लहान होती. आणि तोही लहान होता. म्हणजे दोघं एकाच रात्री, एकाच पाण्यात होते.

सावनीचं वय बारा केलं. २०२४च्या पुरात ती दहाची. कादंबरी तिथूनच सुरू होते: ती कुणालाही वाचवत नाही, तीच अडकलेली आहे. घरातले शेजारच्या गच्चीवर चढतात, अंधारात प्रत्येकाला वाटतं की ती दुसऱ्याबरोबर आहे आणि ती जिन्याखालच्या माळ्यावर एकटी राहते. पाणी फळीच्या वीतभर खाली येऊन थांबतं. फळीच्या दुसऱ्या टोकाला एक मगर येऊन टेकते. रात्रभर दोघी. मगर चावत नाही, बोलत नाही, काहीच करत नाही. तीही दमलेली आहे. सकाळी बोट येते.

इथे मुलांशी वाद झाला. चष्मेवाला म्हणाला, मगर चावायला पाहिजे, त्याशिवाय पॉवर कशी येणार. तेराच्या मुलीनं त्याला गप्प केलं: “चावून पॉवर येणं हे कोळ्याचं झालं. कॉपी.” लहानांना कारण नकोच होतं. त्यांना ‘त्या रात्रीनंतर असं झालं’ एवढं पुरलं. कारण हवं होतं ते जिन्याच्या वळणावरून. “सायंटिफिक काहीतरी दे ना, आई.”

सायंटिफिक शोधायला मी मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून हे सगळं उभं केलं. आत पुस्तकांचे लोखंडी घोडे आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. लहानपणी आजोबांबरोबर गेले होते तेव्हा वरच्या मजल्यावरून चालणाऱ्या माणसाच्या पावलांच्या सावल्या काचेतून दिसल्या होत्या आणि मी किंचाळले होते. या वेळी तिथे उभी राहिले आणि एक अख्खं प्रकरण फुकट मिळालं: सावनी खाली लपलीय, वर कुणीतरी चालतंय, तिला फक्त तळवे दिसतायत.

मगरीविषयी मात्र मला कामाचं सापडलं ते भलतंच. मी ताकद शोधत होते. जबड्याची ताकद खरीच, पण ती फक्त मिटताना. उघडणारे स्नायू इतके दुबळे की मगर पकडणारे लोक तिचं तोंड दोरीनं, चिकटपट्टीनं बांधून नेतात. मादी त्याच जबड्यात अंड्यातून निघालेली पिल्लं अलगद धरून पाण्यात सोडते. आणि तिच्या कातडीवर, जबड्यापाशी तर दाटीनं, बारीक बारीक फुगवटे असतात. पाण्यावरचा अगदी हलका तरंग त्यांना कळतो. माणसाच्या बोटाच्या टोकापेक्षाही ती कातडी नाजूक आहे. एवढा मोठा दणकट प्राणी, आणि अंगभर असा हळवेपणा! मनगटातली ताकद मी तिथल्या तिथे खोडली.

सावनीला पाण्याचं कळतं. एवढीच तिची शक्ती. पाण्याला हात लावला की त्या पाण्याला जे जे हलवतंय ते तिला कळतं. वाटीतल्या आमटीत बोट बुडवलं की आजी कितव्या पायरीवर आहे ते सांगते. माठावर हात ठेवून गल्लीत रिक्षा आली की दुधाची गाडी ते ओळखते. नवरात्रात मैदानाबाहेर पाण्याचा ग्लास धरून उभी राहते आणि आत गरब्याच्या हजारो पावलांचा ताल तिच्या दंडापर्यंत चढतो, पार वेड लागायची पाळी येते. आमटीचा प्रसंग मला तीनदा वाचावा लागला. तिसऱ्या वेळी मुलांनी घरून वाट्या आणल्या होत्या.

तळमजल्यावरच्या एक गुजराती बेन हे ऐकत भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, ही तर खोडियार माताजींची कृपा. खोडियार देवीचं वाहन मगर. मला भीती वाटली की आता सगळी गोष्ट देवळात जाते की काय, पण मुलांनीच सोडवलं. तेराची म्हणाली, “देवीला सगळं येतं. मग टेन्शन कुठे राहतं?” याहून नेमकं मला कुठल्या लेखनाच्या पुस्तकात सापडलं नाही. बेन मात्र मला राहवेना म्हणून कादंबरीत घेतल्या. त्या सावनीला देवळात नेऊन नारळ फोडतात, सावनी नारळातल्या पाण्याला बोट लावते आणि पुजाऱ्याचा हात थरथरतोय हे तिला कळतं.

शक्तीचा त्रास काय, हे ठरवायला वेळ लागला नाही. आंघोळ नकोशी होते. पाऊस तर अंगावर गर्दी कोसळल्यासारखा. पण माझ्या लेकीला ते पुरेसं वाटेना. तिच्या मते ही सगळी ‘छोट्यांची’ गोष्ट झाली होती. आपल्याकडे बालसाहित्य आणि कुमारसाहित्य एकाच कपाटात कोंबतात, आणि मधल्या वयाचा वाचक त्या कपाटाकडे पाठ करून इंग्रजी वाचायला लागतो. इंग्रजीत आठ ते बारा एक गट धरतात आणि बारा ते अठरा दुसरा. पहिल्याला विचारायचं असतं, मी काय करू शकतो. दुसऱ्याला विचारायचं असतं, हे लोक माझ्याशी खोटं का बोलतात. फरक मी असा मांडते, पण मला तो सांगितला लेकीनं, तोही भांडून. “सावनीला सगळ्यांच्या पाण्यातलं कळतं ना? मग तिला घरातलं काही कळत नाही? आईचं काही कळत नाही?”

मग मी एक प्रकरण फक्त तिच्यासाठी लिहिलं. सावनी रात्री बाथरूममध्ये बादलीत हात घालते आणि स्वयंपाकघरातला नळ वाहतोय हे तिला कळतं, आणि त्या धारेखाली हात धरून आई रडतेय हेही कळतं. पुरानंतर घराचे हप्ते थकलेत, हे आईनं कुणाला सांगितलेलं नाही. सावनीला हे कळायला नको होतं. आता कळलंय त्याचं काय करायचं, ते तिला कळत नाही. ती बादलीतून हात काढते आणि कोरडा करते. प्रकरण तिथे संपतं.

लेकीला वाचायला दिलं. तिनं कागद परत देताना म्हटलं, “तू पण असंच करतेस. नळ सोडून.”

मला वाटलं होतं की दाव्यांच्या त्या दोन महिन्यांत कुणाला काही कळलं नव्हतं.

खलनायकाचं सांगायचं राहिलं. डॉ. तमस गेला, त्याला कुणी रडलं नाही. मग कोण? पाऊस आणि नदी पुरे, असं माझं मत. मुलं ऐकायला तयार नाहीत. “हिरोला मारायला कुणीतरी पाहिजेच, काकू.” विश्वामित्रीच्या दोन्ही बाजूंना कोतरं आहेत, पाणी पसरायला निसर्गानं ठेवलेली जागा. तिथे वर्षानुवर्षं मातीचा, डेब्रीचा भराव पडत आलाय, हे शहरात सगळ्यांना माहीत आहे. चष्मेवाला म्हणाला, त्याच्या खिडकीतून रात्री डंपर दिसतात, दिवे बंद करून जाणारे. बाकीच्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही. दिवे बंद केलेला डंपर हा डॉ. तमसपेक्षा कितीतरी भीतिदायक. तो तसाच घेतला. डंपर कुणाचा, हे सावनीला पाण्यावरून कळतं आणि तो तिच्या जिवलग मैत्रिणीच्या काकांचा निघतो. काका वाईट नाहीत. नवरात्रात सगळ्या पोरींना आइस्क्रीम तेच देतात.

शेवटाला मी पुन्हा महापूर आणणार होते. समाचा मुलगा म्हणाला, “परत नको.” मी पूर काढला. आता शेवटी एका रात्रीचा पाऊस आहे, भरावानं तुंबलेला एक नाला, एक तळघर आणि त्यात झोपलेली अकरा माणसं. सावनी पाणी थांबवू शकत नाही. ते येणार आहे, एवढंच तिला सगळ्यांच्या आधी कळतं. बारा वर्षांच्या मुलीनं रात्री दोन वाजता एका वॉचमनला हे पटवायचं, हाच सगळा मारामारीचा प्रसंग. कादंबरीतला हा सगळ्यात लांब प्रसंग आहे आणि त्यात कुणी कुणाला हातही लावत नाही. वॉचमन तिला तीनदा हाकलतो. मी हा भाग वाचला तेव्हा मुलं वॉचमनवर ओरडत होती, आणि आमच्या इमारतीचा खरा वॉचमन खुर्चीवरून उठून विचारायला आला की झालं काय.

सावनीला सुपरहिरोचं नाव ठेवायचे सगळे प्रयत्न फसले. ‘मगरकन्या’ म्हटल्यावर “ईऽऽ, पाठ्यपुस्तक” असा एकमुखी निकाल. ‘क्रोकोगर्ल’ टूथपेस्टसारखं वाटलं. शेवटी कथेतल्या गल्लीनंच नाव ठेवलं. तळघरातून वर आलेली माणसं एकमेकांना गुजरातीत सांगतात, पेली मगरवाळी. ती मगरवाली. झगा नाही, मुखवटा नाही. शाळेचा रेनकोट आहे, डाव्या खिशाला फाटलेला.

चौथा खर्डा चौतीस हजार शब्दांचा झाला. दोन ठिकाणी पाठवला. एका संपादकांनी फोनवर फार आपुलकीनं सांगितलं की कल्पना उत्तम आहे, पण बडोद्याऐवजी पुणे करता आलं तर वाचक मोठा मिळेल. मी म्हटलं, मुठेत मगरी नाहीत. ते म्हणाले, “काल्पनिकच आहे ना?” दुसरीकडून सूचना आली की गुजराती शब्द तिरक्या अक्षरांत छापून खाली अर्थ द्यावेत. आमच्या घरात मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात जेवायला बसतात, त्यांतल्या एकीला तिरकं कसं बसवू? मी नाही म्हणून कळवलं. अजून उत्तर आलेलं नाही.

दरम्यान फाइन आर्ट्समधली एक विद्यार्थिनी चित्रं काढतेय, पैसे मिळाले तर घेईन म्हणाली आहे. गेल्या रविवारी तिनं पहिली सहा चित्रं आणली. माळ्यावरच्या रात्रीचं चित्र मला फार आवडलं: वर फळी, फळीवर मुलगी, दुसऱ्या टोकाला मगरीचं तोंड, खाली काळं पाणी आणि त्यात तरंगणारं घर, म्हणजे खुर्ची, डबे, चपला, आणि मधोमध उभा फ्रीज. पायऱ्यांवर मुलांनी ते हातोहात फिरवलं. समाच्या मुलाकडे आलं तेव्हा त्यानं बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवलं.

“फ्रीज असा उभा नाही राहत,” तो म्हणाला. “आडवा होतो. पाठीवर. आणि दार उघडतं, आतलं सगळं बाहेर येतं. आमच्याकडे लोणच्याची बरणी दुसऱ्या दिवशी गेटपाशी सापडली.”

“फुटली होती का?” चित्रवालीनं विचारलं.

“नाही. झाकण घट्ट होतं.”

तिनं खोडरबर काढलं आणि तिथेच पायरीवर बसून फ्रीज आडवा करायला घेतला. बरणी कुठे काढायची ते तो तिला बोटानं दाखवत होता.